जाडी की जाळी? घरच्या ऑडिओ केबलचं साधं गणित

पिन जरा दाबून धरली की डावा स्पीकर बोलतो, हात काढला की गप्प. आपण "केबल गेली" म्हणतो आणि नवी आणतो. खरं तर तार बहुतेक वेळा ठणठणीत असते, तुटलेला असतो तो पिनेच्या मागचा सांधा. टोकाकडची चार बोटं लांबी कापून नवी पिन बसवली, तर तीच केबल आणखी कित्येक वर्षं चालते. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की केबलची भीती जाते, आणि जाता जाता केबलच्या जाहिरातींवरचा विश्वासही घेऊन जाते.

"चांगली ऑडिओ केबल कोणती?" हा प्रश्न अर्धाच आहे. कशापासून कशापर्यंत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागचं साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं. फोन, टीव्ही किंवा सीडी प्लेअरमधून निघणारा, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात तो सिग्नल साधारण ०.३ ते २ व्होल्टचा असतो. आणि ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला २० व्होल्ट आणि २.५ अ‍ॅम्पिअर पुरवावे लागतात. म्हणजे एकाच खोलीतल्या, एकाच गाण्याच्या दोन केबलमध्ये व्होल्टेजचा फरक चार हजार पटींचा. करंटमधला फरक तर याहून कितीतरी मोठा. लाइन इनपुटचा रोध, म्हणजे करंट अडवण्याची ताकद, १० ते ५० हजार ओहमच्या घरात असतो, त्यामुळे त्या केबलमधून मिलिअ‍ॅम्पिअरचा दहावा हिस्सा वाहिला तरी पुष्कळ झालं.

यातूनच सगळं ठरतं. जिथे करंट मोठा, तिथे तांब्याची जाडी बघायची. जिथे सिग्नल नाजूक, तिथे भोवतालची जाळी, म्हणजे शील्ड बघायची. स्पीकरच्या वायरीला जाळी लागत नाही आणि लाइनच्या केबलला जाडी लागत नाही. या दोघींची अदलाबदल हीच घरोघरची सगळ्यात मोठी चूक.

स्पीकरची वायर: इथे फक्त जाडी

१ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध एका मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. एवढा एकच आकडा लक्षात ठेवायचा. जाडी दुप्पट झाली की रोध निम्मा, लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट. मात्र करंट जातो तसा परतही येतो, म्हणून स्पीकर ५ मीटर दूर असेल तर हिशोबात १० मीटर धरायचे.

आता आकडे घालून बघा. ५ मीटरवरच्या स्पीकरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध येतो ०.२३ ओहम. १.५ ची घेतली तर ०.११, आणि २.५ ची घेतली तर ०.०७. वायरीचा जाता-येता मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांहून कमी असावा, असा एक सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम येते, म्हणजे ०.७५ ची वायरही पास. ४ ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.२, तिथे तीच वायर नापास.

५ टक्केच का, आणि थोडा आवाज कमी झाला तर बिघडलं काय? आवाज कमी होणं हा मुद्दाच नाही, नॉब थोडा फिरवला की झालं. अडचण अशी की स्पीकरवर लिहिलेले "८ ओहम" हे फक्त नावापुरते असतात. प्रत्यक्षात एखाद्या स्वराला तो ६ ओहमसारखा वागतो, तर खालच्या पट्टीत एका ठिकाणी २०-३० ओहमपर्यंत चढतो. वायरीत रोध जास्त असला की जिथे स्पीकरचे ओहम कमी तिथे जास्त खाल्लं जातं, जिथे जास्त तिथे कमी. म्हणजे वायर नुसता आवाज कमी करत नाही, सगळ्या स्वरांचा तोल किंचित हलवते. २.५ ची वायर ५ मीटरला वापरली तर हा सगळा खेळ डेसिबलच्या दहाव्या भागाच्या आत राहतो, आणि तो कानाला कळत नाही. मी स्वतः घरातल्या कोणत्याही अंतराला १.५ किंवा २.५ यांपैकी एक उचलतो आणि विषय संपवतो.

अमेरिकन वायर गेजमध्ये (एडब्ल्यूजी) माप दिलं असेल तर उलटा क्रम ध्यानात ठेवा: आकडा लहान, तार जाड. १८ गेज म्हणजे साधारण ०.८ चौरस मिलिमीटर, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१ आणि १२ म्हणजे ३.३. तीन आकडे खाली उतरलं की तांबं दुप्पट होतं.

खरी फसवणूक होते ती धातूत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, जिला सीसीए म्हणतात, ती वरून अगदी तांब्यासारखी लाल दिसते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो, ती दोन-चार वेळा वाकवली की तुटते आणि स्क्रूखाली दाबली की कालांतराने सैल होते. ओळखायची कशी? एक बारीक तंतू चाकूनं खरवडा. आतून चंदेरी निघाला तर अ‍ॅल्युमिनियम. इथे उलटी गफलतही होते: कल्हई केलेलं तांबं वरून चंदेरी असतं आणि खरवडल्यावर लाल निघतं. ते अस्सल आहे, उलट दमट हवेत जास्त टिकतं. वजनही सांगतं, तांब्याचं वेटोळं हाताला भरीव लागतं.

चांदीच्या तारेचं काय? चांदीचा रोध तांब्यापेक्षा ५-६ टक्क्यांनी कमी, बस. तेवढाच फायदा तांब्याची तार किंचित जाड घेतल्यानं मिळतो. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे! ते पिनेवर चढवतात कारण ते गंजत नाही, काळं पडत नाही, म्हणून स्पर्श वर्षानुवर्षं चांगला राहतो. त्या कामाला ते खरंच उपयोगी आहे.

दोन्ही स्पीकरच्या वायरी समान लांबीच्या हव्यात, असंही आग्रहानं सांगितलं जातं. एक मीटरच्या फरकानं सिग्नलला उशीर होतो तो ५ नॅनोसेकंदांच्या आसपास. ऐकताना तुमचं डोकं एक सेंटीमीटर बाजूला झालं तर हवेतून येणाऱ्या आवाजाला २९ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ सहा हजार पट जास्त. वायर हवी तेवढीच कापा. फक्त उरलेली गुंडाळी स्पीकरमागे कोंबून ठेवण्यापेक्षा थोडी सैल सोडा, साफसफाईला स्पीकर ओढताना ती लागते.

लांबीपेक्षा प्लस-मायनस कितीतरी महत्त्वाचं. दोनपैकी एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, बास विरघळतो आणि गायक मधोमध उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. म्हणूनच स्पीकर वायरीच्या एका बाजूला रेघ, खाच किंवा वेगळा रंग असतो. खुणा पुसल्या असतील तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा. सेलचं प्लस स्पीकरच्या लाल टोकाला लागलं की मोठ्या वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, पडदा बाहेर उडी मारतो. वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून मगच हा प्रयोग करायचा, आणि उंच स्वरांच्या सुट्या ट्वीटरवर अजिबात नाही. आणखी एक: डाव्या-उजव्या स्पीकरचे मायनस एकत्र करून एक तार वाचवायचा मोह होतो. तो टाळा. आजच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मायनस टोकालाही व्होल्टेज असतं, आणि ते आपसांत जोडले की अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

टोकांना सोल्डर लावून ती स्क्रूखाली घट्ट करायची सवय अनेकांना असते, दिसायलाही ते नीटनेटकं दिसतं. पण सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि वर्षभरात स्क्रू आपोआप ढिला पडतो. तंतू नुसते पीळ देऊन बसवा, नाहीतर दाबून बसवायच्या तांब्याच्या नळ्या किंवा बनाना प्लग वापरा.

लाइनची केबल: इथे जाळी

आता नाजूक बाजू. दोन उपकरणांमधली लाल-पांढऱ्या पिनांची केबल म्हणजे आरसीए. हे नाव रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचं; रेडिओला ग्रामोफोन जोडता यावा म्हणून निघालेली ही पिन अजून तशीच चालू आहे. ६.३५ मिलिमीटरचा जाडा जॅक तर त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक हे त्याचंच छोटं भावंड.

अशा केबलमध्ये मधोमध सिग्नलची तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची जाळी आणि सगळ्यावर आवरण असतं. घरातल्या विजेच्या वायरींभोवती जे विद्युत क्षेत्र असतं ते उघड्या तारेत गुणगुण पेरतं. भोवती जाळी असेल तर ते जाळीवर अडतं आणि जमिनीकडे जातं. विणलेली जाळी वाकण्याला पुरून उरते. पातळ पत्र्याचं फॉइल झाकतं पूर्ण, पण सारखं वाकवलं की चिरतं. म्हणून एकदा बसवून विसरायच्या केबलला फॉइल चालतं, रोज हलणाऱ्या केबलला जाळीच हवी.

आतल्या तारेची जाडी इथे बिनमहत्त्वाची आहे. २० हजार ओहमच्या इनपुटसमोर केबलचा एक-दीड ओहम रोध असला काय, नसला काय. कपॅसिटन्सची, म्हणजे तार आणि जाळी यांच्यात वीज साठून राहण्याची, धास्तीही बहुतेक वेळा फुकाची. एका मीटरला १०० पिकोफॅरड धरा, केबल चक्क १० मीटर लांब घ्या, आणि देणाऱ्या उपकरणाचा रोध १००० ओहम माना. उंच स्वर ढळायला लागतात ते १५९ किलोहर्ट्झच्या सुमारास, आणि माणसाचा कान २० ला थांबतो.

अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या वेटोळ्याला मर्यादित कपॅसिटन्सच मानवतं. बऱ्याच कार्ट्रिजना तो १०० ते २०० पिकोफॅरडच्या आसपास हवा असतो, आणि त्यात टोनआर्ममधली (सुई धरणाऱ्या दांडीतली) तार, केबल, फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) असं सगळंच मोजलं जातं. दीड मीटरची साधी केबल एकटीच १५० खाऊन बसते. मग वरच्या स्वरांत कुठे उंचवटा येतो, कुठे घसरण. इथे केबल बदलल्यावर खरोखर वेगळं ऐकू येतं. आखूड आणि कमी पिकोफॅरडवाली केबल घ्यावी.

गुणगुण मात्र दर वेळी जाळीच्या दोषानं येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरलाही अर्थिंग, कॉम्प्युटरलाही अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी केबलची जाळी, असं एक बंद वर्तुळ तयार होतं. दोन अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे या वर्तुळात विजेच्या वारंवारतेचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा करंट फिरतो आणि जाळीच्या रोधावर जो छोटासा व्होल्टेज तयार होतो तो थेट गाण्यात मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. कितीही भारी केबल आणली तरी हे वर्तुळ तुटत नाही. आधी दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावून बघा. मग एकेक केबल काढत जा. टीव्हीची अँटेना किंवा केबलची जोडणी काढल्यावर गुणगुण थांबते, असं पुष्कळदा होतं. तेवढ्यानं नाही भागलं तर तारेची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे देणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो मध्ये घालायचा. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा "उपाय" ऐकला असेल. गुणगुण थांबते खरी, पण उपकरणात बिघाड झाला की त्याच्या धातूच्या खोक्यावर वीज उतरते. तो करू नका.

स्टुडिओतली माणसं यावर तीन पिनांची एक्सएलआर वापरतात: १ वर जाळी, २ वर सिग्नल, ३ वर त्याचाच उलटा सिग्नल. पुढचं उपकरण २ आणि ३ मधला फरक घेतं आणि वाटेत दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट वजा होऊन जातो. दोन्ही उपकरणांना तशी सोय असेल तर जरूर वापरा. पण एक-दोन मीटरसाठी त्यापायी नवी उपकरणं घ्यायची गरज नाही.

डिजिटलबद्दल थोडक्यात. कोअ‍ॅक्सिअल डिजिटलला ७५ ओहमची केबल हवी, दिसायला ती आरसीएच असते. ऑप्टिकल, जिला टॉसलिंक म्हणतात, ती तोशिबानं १९८३ मध्ये आणली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून ग्राउंड लूपचा प्रश्न मुळातूनच मिटतो. ती काटकोनात मुडपू नका, एवढंच पथ्य. एचडीएमआय घरी बनवायच्या भानगडीत पडू नका.

स्वतः बनवताना

पहिली केबल आरसीएचीच बनवा. सामान थोडं लागतं: जाळीची एक-तारी केबल, स्प्रिंग किंवा पकड असलेल्या धातूच्या पिना, आत रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून घातलेली राळ) असलेलं सोल्डर, ३०-४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंकच्या (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळ्या, मल्टिमीटर. नळ जोडायचं आम्लाचं फ्लक्स चुकूनही नको, ते तांबं आतून खात राहतं. टीव्हीची उरलेली कोअ‍ॅक्सिअल वापरायचा विचार असेल तर आधी खरवडून बघा. तिच्यात बऱ्याचदा जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि मधली तार तांबं चढवलेल्या पोलादाची असते. अ‍ॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. तास वाया जातो आणि चिडचिड होते ती वेगळी.

सुरुवात करायच्या आधी पिनेचं टोपण आणि हीट श्रिंक केबलवर ओवून घ्या. हे वाक्य परत वाचा. सुरेख सांधा जमलाय, चकाकतोय, आणि टोपण टेबलावर पडलंय, हा प्रसंग प्रत्येकावर येतो. माझ्यावर अजूनही येतो.

बाहेरचं आवरण दीड सेंटीमीटर काढायचं. गोल फिरवत खोल कापलं की जाळीचे तंतू तुटतात. त्यापेक्षा केबल वाकवा आणि ताणलेल्या बाजूवर पातं नुसतं टेकवा, आवरण आपणच उघडतं. जाळी विंचरून एका बाजूला घ्या आणि पीळ द्या. गिटारसाठीच्या आणि काही माइकच्या केबलमध्ये जाळीखाली बऱ्याचदा आणखी एक काळा पातळ थर असतो. तो प्लॅस्टिकसारखा दिसतो, पण थोडी वीज वाहतो. तो मधल्या तारेच्या टोकाला चिकटलेला राहिला तर सिग्नल गळतो, आवाज खोल गेल्यासारखा येतो आणि दोष काही केल्या सापडत नाही. तो थर काही मिलिमीटर मागेपर्यंत सोलून टाका.

६३/३७ चं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेलं साधारण २१७ च्या पुढे. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास ठेवा. कमी तापमानावर जास्त वेळ धरण्यापेक्षा पुरेशा तापमानावर दोन-तीन सेकंद बरे, नाहीतर मधल्या तारेभोवतीचं प्लॅस्टिक वितळून तार जाळीला जाऊन भेटते. आधी तार आणि पिनेची वाटी दोन्हींवर वेगवेगळं थोडं सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र तापवा. सोल्डर आयर्नवर लावून सांध्यावर पुसायचं नाही. सांधा तापवायचा आणि सोल्डर सांध्याला लावायचं. थंड होईपर्यंत हात हलला तर सांधा मळकट, दाणेदार दिसतो. तो कच्चा समजा आणि पुन्हा तापवा. पिन धरायला तिसरा हात हवा असतो, त्यासाठी जुन्या उपकरणातलं आरसीए सॉकेट उत्तम: पिन त्यात खोचा, ती हलत नाही आणि तापली तरी तिचा मधला दांडा वाकडा होत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि शिशाचं सोल्डर हाताळल्यावर हात धुवा.

जाळीचा पीळ पिनेच्या बाहेरच्या पट्टीला सोल्डर करा आणि पट्टीच्या नख्या पकडीनं दाबा. त्या नख्या जाळीवर नाही, केबलच्या बाहेरच्या आवरणावर बसल्या पाहिजेत. ओढ आवरणानं सोसायची, सोल्डरनं नाही. विकतच्या स्वस्त केबल लवकर जातात त्या इथेच, आणि घरची केबल जास्त टिकते तीही याच जागेमुळे.

केबलवर बाण छापलेला दिसला तर गोंधळू नका. ऑडिओ सिग्नल सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाणाचं काय? पण काही केबलमध्ये आत दोन तारा असतात आणि जाळी एकाच टोकाला जोडलेली असते. बाण त्या टोकाची खूण म्हणून असतो. अशी केबल बनवलीत तर जाळीचं जोडलेलं टोक सिग्नल देणाऱ्या उपकरणाकडे ठेवतात.

३.५ मिलिमीटरच्या स्टीरिओ जॅकमध्ये टोक डावं, मधलं वळं उजवं आणि मागची नळी जमीन, म्हणजे ग्राउंड. दोन आरसीएकडे जाणारी केबल यावरून सरळ बनते. उलट डावं-उजवं नुसतं एकत्र पिळून मोनो करू नका, दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. प्रत्येकात एकेक हजार ओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. चार भागांचा, माइकवाला जॅक असेल तर जमीन आणि माइकची जागा दोन पद्धतींत उलटसुलट असते, तेव्हा मीटर लावून खात्री केल्याशिवाय सोल्डर करू नका.

शेवटी मल्टिमीटर बीपवर, म्हणजे जोडणी सलग असली की वाजणाऱ्या खुणेवर. मधलं टोक ते मधलं टोक बीप, बाहेरचं ते बाहेरचं बीप, मधलं ते बाहेरचं मात्र शांतता. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच ०.२-०.३ ओहम रोध दिसतो, त्यानं दचकू नका. बीप चालू असताना टोकाजवळ केबल वाकवा, पिळा, हलकी ओढा. सूर अडखळला तर टोपण उघडा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून जोडा, नुसता आवाज कमी करून नाही. आरसीएमध्ये मधली पिन आधी टेकते आणि जमीन नंतर, त्यामुळे चालू अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना मध्ये जो क्षण जातो, त्यात स्पीकर भोंग्यासारखा ओरडतो.